डब्यावरचं उदमांजर



आमच्या सासूबाईंचं माहेर बेळगावकडचं, त्यामुळे घरात पितळी फिल्टर त्यांच्याबरोबरच आला. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, कंदमूळ नाही, अष्टमी-चतुर्दशीला एकाशन. एवढ्या सगळ्या नियमांत हौस म्हणाल तर एकच, सकाळी मंदिरातून आल्यावर पेलाभर कॉफी. म्हणूनच नणंदेची लेक आणि जावई बालीहून परतताना आजीसाठी कॉफीचा लाकडी डबा घेऊन आले. शंभरच ग्रॅम बिया, पण किंमत ऐकून मी डबा दोन्ही हातांनी धरला.

मिक्सरमध्ये बिया फिरवल्या, डिकॉक्शन काढलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही कडू नाहीच की. उद्या साखर कमी घाल." चार दिवस झाले. पाचव्या दिवशी धाकट्याने डब्यावरचं चित्र बघून विचारलं, "आई, हे मांजर आहे का मुंगूस?" मग मी बघायला बसले, आणि उशिरापर्यंत उठले नाही.

कोपी म्हणजे कॉफी आणि लुवाक म्हणजे उदमांजर, आपल्याकडे ज्याला कांडेचोर म्हणतात ते. रात्री हिंडणारा, एकटा राहणारा, झाडावर चढून पिकलेली फळं खाणारा जीव. कॉफीचं लाल फळ तो खातो, गर पचतो, पण बीवरचं कडक टरफल पचत नाही. ती बी विष्ठेतून तशीच बाहेर पडते. ती वेचतात, धुतात, उन्हात वाळवतात, टरफल काढतात आणि भाजतात. हिरवट बी आधी पिवळी, मग तपकिरी होते, आणि दोनशे अंशांच्या आसपास लाह्यांसारखी तडतडते. एवढ्या आचेत जंतू राहत नाहीत, तेव्हा स्वच्छतेचा प्रश्न मी बाजूला ठेवते. कॅनडातल्या मासिमो मार्कोने या शास्त्रज्ञाने २००४ मध्ये या बिया तपासल्या. पोटातल्या रसांमुळे त्यांतली प्रथिनं कमी होतात, आणि कडूपणा कमी लागण्याचं तेच कारण असावं, असं त्याने मांडलं. सासूबाईंची जीभ बरोबर होती.

पण हे वेचायचं सुचलं कुणाला, आणि का? इथे मला खरा धक्का बसला.

जावा बेटावर कॉफी नेली डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीने, आणि ती रोपं गेली आपल्या मलबार किनाऱ्यावरून. १६९६ मध्ये पाठवलेली रोपं पुरात गेली, १६९९ मध्ये पुन्हा पाठवली ती रुजली. १७११ पासून जावाची कॉफी ॲम्स्टरडॅमला विकायला जाऊ लागली. पुढे कंपनी बुडाली, सरकार आलं, आणि १८३० मध्ये गव्हर्नर जनरल योहानेस फान डेन बॉश याने सक्तीच्या शेतीची पद्धत लागू केली. जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाला, हा कागदावरचा नियम. प्रत्यक्षात एकेका कुटुंबाच्या वाट्याला कॉफीची शेकडो झाडं यायची, माल सरकारी गोदामात न्यायचा आणि भाव सरकारने ठरवायचा. मध्य जावात देमाक आणि ग्रोबोगान भागात १८४८ ते १८५० या काळात भुकेने माणसं मेली. त्याच्या पुढच्या दशकात हॉलंडच्या तिजोरीतला जवळपास तिसरा हिस्सा या बेटांवरून येत होता.

ज्यांनी कॉफी पिकवली, त्यांना ती प्यायला मिळत नव्हती. पश्चिम सुमात्रात लोक कॉफीची पानं भाजून, उकळून प्यायचे. बिया गोदामात गेल्यावर झाडावर उरायचं ते पानच. हे पेय तिथे अजून मिळतं, त्याला कावा दाउन म्हणतात. आणि लुवाकची गोष्टही अशीच सांगतात. झाडावरचं फळ तोडायची बंदी होती, पण जंगलाच्या कडेला पडलेल्या विष्ठेवर कुणाचा हक्क? ती वेचून, धुऊन त्या माणसांनी आपली कॉफी केली. मालकांना तिची चव कळली आणि गरिबाचं पेय श्रीमंताचं झालं.

इथपर्यंत वाचून मला त्या कॉफीचा राग आला नव्हता, उलट मायाच वाटली. रानातला जीव आपल्या मर्जीने फळ खातो आणि उपाशी माणूस खाली पडलेलं उचलतो, यात हिंसा कुठे?

राग आला तो पुढचं वाचून. १९९१ मध्ये टोनी वाइल्ड नावाच्या कॉफी व्यापाऱ्याने इंग्लंडमध्ये एक किलो कोपी लुवाक नेली. वर्तमानपत्रांना ती गंमत वाटली, मागणी वाढली, २००७ मध्ये एका इंग्रजी सिनेमातही ती आली. रानात वेचून किती मिळणार? म्हणून उदमांजरं पकडून पिंजऱ्यात घातली. बीबीसीने २०१३ मध्ये सुमात्रातले हे पिंजरे दाखवले आणि त्याच सुमारास वाइल्ड स्वतःच या कॉफीविरुद्ध मोहीम चालवू लागला. आपणच आणलेली वस्तू घेऊ नका म्हणून सांगायला जीभ रेटावी लागते, तेवढं श्रेय त्याला देते मी. २०१६ मध्ये बालीतल्या १६ मळ्यांवरच्या ४८ उदमांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाही मळ्यावर त्यांना धड वागवलं जात नव्हतं. जाळीच्या तळावर उभं राहून सुजलेले पाय, दिवसा पर्यटकांची गर्दी, आणि खायला बहुतेक कॉफीच. डब्यावर 'रानातली' असं छापलेलं असतं, पण ते तपासायची काही सोय नाही.

पाठशाळेत आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले होते, आठवतात? बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. लहानपणी मला वाटायचं, हे बैलगाडीवाल्यांसाठी आहे. या एका पेल्यात आधी माणसांवरचं ओझं आणि त्यांची तुटलेली भाकरी होती, नंतर जनावराचा पिंजरा आला. आपण मध सोडतो, वर्खाची मिठाई विचारून घेतो, आणि हा डबा मी विचार न करता फोडला.

सासूबाईंना सांगायचं की नाही, यावर दोन दिवस गेले. ह्यांचं म्हणणं, "अजाणता झालं, उगीच कशाला त्रास?" पण त्यांच्या व्रताचा हिशेब मी परस्पर कसा मिटवणार? तिसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, जावाच्या शेतकऱ्यांसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. पहिला प्रश्न, "ती पानं उकळून पिणारी माणसं, त्यांना पुढे तरी मिळाली का गं कॉफी?" मग म्हणाल्या, "पोरीला काही बोलू नकोस. प्रेमाने आणलंय."

मी त्यांना मान्सून मलबार कॉफी सुचवली, तीही महागच. शिडाच्या जहाजांतून महिनोन् महिने जाताना आपली कॉफी समुद्राच्या दमट हवेने फुगायची, पिवळी पडायची. १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला, प्रवास आटोपशीर झाला, आणि युरोपातल्या गिऱ्हाइकांना जुनी चव आठवू लागली. म्हणून मंगळूरकडे बिया पावसाळी वाऱ्यात मुद्दाम पसरून तशा करतात. ऐकता ऐकता त्यांनी मला थांबवलं. "पावसाळ्यात दमट धान्य म्हणजे पोरकिडे. त्याचं काय करतात?" मला कबूल करावं लागलं, कीड लागू नये म्हणून औषधाचा धूर देतात. त्या हसल्या. "राहू दे."

चातुर्मास संपेपर्यंत त्यांनी कॉफीच सोडली आहे. मीही त्यांच्याबरोबर सोडली, पण माझं डोकं पहिले आठ दिवस ठणकलं, त्यांचं नाही. फिल्टर चिंचेने घासून फडताळात पालथा घातला आहे. भाची दिवाळीला येईल तेव्हा तिला डब्याचं चित्र दाखवून मी स्वतः सांगणार आहे, सासूबाई आत असताना.