फोन कुणाशी बोलत होता?

गेल्या आठवड्यात बेसमेंट आवरायला घेतलं. घरच्यांना माहीत आहेच, आमच्याकडे 'कधीतरी लागेल' या सदरात काय काय साठलेलं असतं. तर त्या ढिगाऱ्यात जुना टीव्ही रेकॉर्डर सापडला. छपरावरच्या डिशला जोडायचा तो काळा डबा. मागे फोनची करडी वायर अजून खोचलेली. नवरा म्हणाला, "टाकून दे आता." डबा टाकायला माझी हरकत नव्हती. वायर मात्र हातात घेऊन मी पायरीवर बसून राहिले.

त्या वायरीची गोष्ट सांगायची आहे, पण त्याआधी थोडा इतिहास. त्याशिवाय ती कळायची नाही.

टीव्हीच्या रेकॉर्डरला फोन कशाला, असं आजच्या मुलांना वाटेल. कारण साधं आहे. घरावरची डिश फक्त ऐकते, बोलत नाही. ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाचं सगळं तिला ऐकू येतं, पण उलट उत्तर द्यायची तिच्यात सोय नसते. अमेरिकेत १९९४ मध्ये डायरेक्टीव्हीची छोटी डिश आली, तेव्हा पैसे भरून बघायच्या सिनेमाचा हिशोब कंपनीला कळवायला डब्यामागे फोनचा जॅक दिला होता. १९९९ मध्ये टिवो आणि रिप्लेटीव्ही हे हार्ड डिस्कवाले रेकॉर्डर बाजारात आले. टिवो तर दररोज फोन करून पुढच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक उतरवून घ्यायचा. २००० मध्ये डिशचा डबा आणि टिवो एकाच पेटीत आले, आणि फोनची वायर मागे तशीच राहिली.

त्या वायरीच्या टोकाला असतो तो छोटा चौकोनी जॅक. त्याचा इतिहास तर याहून मजेदार आहे. एके काळी अमेरिकेत फोनला परकी वस्तू लावायलाच बंदी होती. फोन कंपनीचा, तारही कंपनीची. बोलणं शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून 'हश-अ-फोन' नावाचं एक साधं झाकण निघालं होतं, रिसीव्हरला अडकवायचं. त्यालाही कंपनीने हरकत घेतली. तो वाद कोर्टात गेला आणि १९५६ मध्ये झाकणवाला जिंकला. पुढे टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी वायरलेस रेडिओवरचं बोलणं फोनवर घेता येईल असं यंत्र बनवलं. त्यावरही भांडण झालं, आणि १९६८ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाने, कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला. त्या 'कार्टरफोन' निकालाने दार उघडलं. फॅक्स, आन्सरिंग मशीन, मोडेम... सगळे त्याच दाराने घरात आले. माझा रेकॉर्डरही.

म्हणजे माणसांच्या बोलण्यासाठी टाकलेल्या तारेवर यंत्रंही बोलायला लागली. मोडेमचं ते ट्यांव-ट्यांव, खर्रर्र आठवतंय ना? फोनची तार साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलेच सूर नेते, माणसाचं बोलणं कळायला तेवढे पुरतात. म्हणून यंत्राला आपले आकडे त्या सुरांत गाऊन दाखवावे लागायचे. पलीकडचं यंत्र गाणं ऐकून पुन्हा आकडे लिहून घ्यायचं.

आणि मग आला इंटरनेट फोन. १९९५ मध्ये व्होकलटेक कंपनीने संगणकावरून संगणकावर बोलायचं सॉफ्टवेअर काढलं. २००१ मध्ये व्होनेज कंपनी सुरू झाली, तीही आपल्या लोकांच्या ओळखीच्या एडिसन गावात. भारतातही १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, आणि परदेशी फोनवरची व्हीएसएनएलची मक्तेदारी त्याच दिवशी संपली.

मी १९९६ मध्ये इकडे आले तेव्हा घरी फोन करायचा तर मिनिटाला डॉलरच्या आसपास पडायचे. घड्याळ समोर ठेवून आईशी बोलायचे मी. "बरी आहेस ना? जेवलीस का? ठेवते." मग कॉलिंग कार्डं आली, खरवडायची आणि लांबच लांब आकडे दाबायची. त्यामुळे २००४ मध्ये आम्ही इंटरनेट फोन घेतला तेव्हा मला दिवाळीच वाटली. सेवा कुठली ते लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष तिचा नव्हता.

घरी एक छोटा अडॅप्टर आला. एका बाजूला इंटरनेटची वायर, दुसऱ्या बाजूला तोच चौकोनी जॅक. फोन लावला, डायल टोन आला. गंमत म्हणजे तो डायल टोन कुठल्या एक्स्चेंजमधून येत नव्हता, अडॅप्टर स्वतःच तयार करत होता. घरातल्या जुन्या फोनला काही बदललंय याचा पत्ताही लागू नये म्हणून केलेलं सोंग. आम्ही जुनी लाइन बंद करून टाकली.

माणसांना ते सोंग चालून गेलं. रेकॉर्डरला नाही चाललं.

इंटरनेट फोनमध्ये आवाजाचे तुकडे होतात, साधारण २० मिलिसेकंदांचा एक. सेकंदाला पन्नास तुकडे निघतात. एखादा हरवला तर अलीकडच्या तुकड्याच्या आधाराने जागा भरून काढतात. 'आई'मधला एवढासा भाग गेला तरी ऐकणाऱ्याला 'आई'च ऐकू येतं. शिवाय जागा वाचवायला आवाज दाबतात. साध्या पद्धतीत सेकंदाला ६४,००० बिट लागतात, दाबलेल्यात ८,००० भागतात. पण ही दाबादाबी माणसाच्या आवाजाचा अंदाज बांधून केलेली असते. मोडेमचं गाणं त्यात पार विस्कटतं, आणि एक तुकडा हरवला की पलीकडचं यंत्र ताल सोडून थांबतं.

खरं तर हा उपद्व्यापच वेडगळ होता. रेकॉर्डरकडे आकडे, त्यांचे सूर करायचे. अडॅप्टरने त्या सुरांचे पुन्हा आकडे करून इंटरनेटवर पाठवायचे. पलीकडे पुन्हा सूर आणि शेवटी पुन्हा आकडे. पत्र मराठीत, पाठवणारा मराठी, घेणारा मराठी, आणि मधे दोनदा इंग्रजी भाषांतर! इंटरनेटचा राउटर रेकॉर्डरपासून हातभर अंतरावर, पण आमच्या डब्याला त्याच्याशी थेट बोलायची सोय नव्हती.

मी पेशाने नेटवर्कवाली, हार मानते थोडीच. टीव्हीवर रोज 'फोन लागला नाही' अशी तक्रार यायची. मी अडॅप्टरची दाबादाबी बंद केली. रेकॉर्डरच्या मोडेमचा वेग उतरवून ९६०० वर आणला. आणि मधेच दुसरा फोन आला की टिक्-टिक् होऊन मोडेम तुटतो, म्हणून नंबरच्या आधी स्टार सत्तर लावलं, म्हणजे तेवढ्या कॉलपुरतं कॉल वेटिंग बंद. व्हॉइसमेल मी आधीच बंद ठेवला होता. घरचे मिस कॉल द्यायचे आणि आम्ही उलटा फोन करायचो; मशीनने फोन उचलला असता तर त्यांचे पैसे गेले असते. रेकॉर्डरला रात्री दोनची वेळ मिळाली. रात्री फोन कुणाला लागतो?

रात्री दोन म्हणजे साताऱ्यात दुपारचे साडेबारा. हे मला, आठ वर्षं रोज डोक्यात दोन घड्याळं घेऊन फिरणाऱ्या मला, सुचलं नाही.

त्या रात्री रेकॉर्डरचा फोन लागला, पहिल्यांदाच. पण वेग इतका कमी की साठलेला सगळा हिशोब पुरा करायला त्याला जवळजवळ तास लागला. आणि त्याच तासात दादा साताऱ्यातल्या हॉस्पिटलसमोरच्या एसटीडी बूथमधून मला फोन करत होता. आई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. तिचं हृदय आधीच नाजूक. ऑपरेशन तिथेच करायचं की पुण्याला हलवायचं, डॉक्टरांना लगेच सांगायचं होतं. पाच वेळा एंगेज. साधा मिस कॉलसुद्धा माझ्यापर्यंत पोचला नाही.

सकाळी मी आधी काय केलं असेल? टीव्हीवर 'कॉल यशस्वी' हे वाचून खूश झाले. मग सातला वहिनीचा मिस कॉल आला. मी फोन केला तेव्हा आई ऑपरेशनला आत गेलेली होती. साताऱ्यातच. सही दादाने एकट्याने केली.

नंतर इंटरनेटवर कॉलची यादी उघडून बघितली. १:५८ ते २:५१, एकच कॉल. ती यादी मी कुणाला दाखवली नाही.

आई बरी झाली. काठी घेऊन का होईना, पुढे कितीतरी वर्षं चालली. दादा रागावलाही नाही. एकदाच म्हणाला, "अगं, मध्यरात्री तुझा फोन कुणाशी बोलत होता एवढा वेळ?" मी म्हटलं, "टीव्हीच्या डब्याशी." तो हसला. मग म्हणाला, "सही करताना वाटलं, तू नुसतं हो म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

जॅक तोच दिसला म्हणून मागचं सगळं तेच असेल असं मी धरून चालले. अशी मी एकटीच नव्हते. त्याच जॅकमधून लोक ९११ फिरवत होते, आणि जुन्या लाइनसारखा पत्ता पलीकडे दिसेलच असा भरवसा इंटरनेट फोनला नव्हता. मे २००५ मध्ये एफसीसीला आदेश काढून कंपन्यांना ती सोय करायला लावावी लागली. आम्ही मात्र त्याआधीच, ऑपरेशननंतरच्या त्याच आठवड्यात, जुनी तांब्याची लाइन परत घेतली. नंबर फक्त दादाकडे. रेकॉर्डरला ती कधीच जोडली नाही. त्याची तक्रार टीव्हीवर रोज येत राहिली, येऊ दिली.

आता सगळंच इंटरनेटवरून चालतं. दादा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ लावतो आणि अर्धा वेळ मला त्याच्या घरचं छतच दिसतं. पैशांचा तर विषयच नाही.

असो. डबा ई-कचऱ्यात दिला. वायर ठेवली आहे, कधीतरी लागेल म्हणून नाही. रात्री झोपताना फोन सायलेंटवर टाकायला हात जातो, तेव्हा आठवण राहावी म्हणून.