वृक्षरुहा, वृक्षादनी आणि बांडगूळ : एका नामपरंपरेचा इतिहास

‘बांडगूळ’ हा शब्द उच्चारताच मराठी श्रोत्याच्या मनात वनस्पतीच्या आधी मनुष्य उभा राहतो. दुसऱ्याच्या श्रमावर पोसणारा, आयतखाऊ असा त्याचा लाक्षणिक अर्थ इतका रूढ झाला आहे की, मूळ वनस्पतीविषयीचे आपले ज्ञानही त्याच अर्थाने रंगून गेले आहे. या नामपरंपरेचा इतिहास म्हणूनच तपासण्याजोगा आहे.

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात या वनस्पतीची वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका अशी चार नावे येतात. त्यांपैकी ‘वृक्षरुहा’ हे नाव केवळ स्थान सांगते : जी वृक्षावर उगवते ती. ‘वृक्षादनी’ हे नाव कृती सांगते : जी वृक्षाला खाते ती. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे कोशकाराच्या नामावलीतच सूचित आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने तर या वनस्पतीला शीतल, तिक्त व कषाय म्हणून औषधींत स्थान दिले आणि व्रण व विष यांवर ती गुणकारी मानली. तेथे निंदेचा स्वर नाही.

हिंदीतील ‘बांदा’ हे रूप ‘वन्दा’पासून नियमाने सिद्ध होते. मराठी ‘बांडगूळ’ मात्र तसे साधता येत नाही. आद्य ‘व’ मराठीत सामान्यतः टिकतो. संस्कृत ‘वन्ध्या’चे हिंदीत ‘बांझ’ झाले, तर मराठीत ‘वांझ’. शिवाय ‘द’चा ‘ड’ होण्यासही येथे नियमाचा आधार नाही. सारांश, अर्थ एक असला तरी मराठी शब्द संस्कृत शब्दाचा सरळ वारस नव्हे.

लोकव्यवहारात पुढे स्थानवाचक व कृतिवाचक अर्थांची सरमिसळ झाली. झाडावर जे जे उगवते ते ते वन्दा, ते ते बांडगूळ. या सरमिसळीची खूण शास्त्रीय परिभाषेतही राहिली आहे. सर विल्यम जोन्स यांनी ‘व्हँडा’ हे नाव संस्कृत ‘वन्दा’वरून घेतले व ते १७९५ साली प्रसिद्ध झाले, रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० साली ते प्रजातीचे नाव म्हणून रूढ केले. ही प्रजाती ऑर्किडांची, म्हणजे आमरांची आहे. आमर झाडाचा केवळ आधार घेते. त्याचा रस घेत नाही. अशा रीतीने शोषकाचे नाव निर्दोष आश्रिताला मिळाले. कोकणात आजही आमरांना बांडगूळ म्हटले जाते आणि पुष्कळदा त्याच समजुतीने ती ओरबाडून टाकली जातात.

खरे बांडगूळ, म्हणजे ‘डेंड्रोफ्थी फाल्काटा’, हेही पूर्ण परोपजीवी नव्हे. त्याची जाड पाने हिरवी असून ते स्वतःचे अन्न स्वतः तयार करते. पाणी व क्षार मात्र चूषकमुळांवाटे आश्रयवृक्षाकडून घेते. आंब्यासारख्या झाडावर ते फार वाढल्यास फांदी वाळते व फळ घटते, हे खरेच. त्यामुळे त्याची लागवड कोणी करीत नाही. बागाईतदार ते चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीसह छाटतो. त्याची पेरणी पक्षी करतात. १९३१ साली सालिम अली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातील याच वनस्पतीच्या प्रसारावर निबंध प्रसिद्ध केला. शिंजीर मधासाठी तिच्या नळीसारख्या फुलांकडे येतात. फुलटोच्या तिची फळे खातो आणि चिकट बी फांदीवर पुसून टाकतो. तेथेच नवे रोप धरते. २००१ साली डेव्हिड वॉटसन यांनी जगभरच्या अशा वनस्पतींचा आढावा घेऊन वनातील कितीतरी प्राणी त्यांवर अवलंबून असल्याचे दाखविले. म्हणजे जी वनस्पती घेते, ती देतेही.

अमरकोशाने स्थान आणि कृती यांना वेगळी नावे दिली होती. मराठीने दोहोंसाठी एकच शब्द वापरला आणि त्याला दूषणाचा अर्थ जोडला. त्या शब्दाची किंमत झाडावरची आमरे अद्याप मोजीत आहेत. ‘वृक्षरुहा’ आणि ‘वृक्षादनी’ यांतील भेद परिभाषेत पुन्हा रुजविणे हे म्हणूनच केवळ कोशकाराचे काम नव्हे.