गळाने मासेमारी, कोल्हापूर परिसरातील

गळाने मासेमारी, कोल्हापूर परिसरातील : कोल्हापूर जिल्ह्यातील नद्या, ओढे, तळी आणि धरणांचे जलाशय यांत काठी, दोरी, गळ व आमिष वापरून छंद म्हणून किंवा घरच्या कालवणापुरते मासे धरण्याची रीत. भोई समाजाचा जाळ्यावरचा व्यवसाय वेगळा. तो या नोंदीत येत नाही. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी गळाला बांधून खेळायचा ‘फ्लाय फिशिंग’ हा प्रकार इथे फार थोडे जण करतात. पण जिल्ह्याच्या पश्चिमेकडचे ओढे पाहता तो इथे परका वाटू नये.

जगात या प्रकाराची ख्याती ट्राउट माशामुळे झाली. इंग्लंडमधील हँपशर परगण्यातल्या टेस्ट व इचेन किंवा अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातील लेटॉर्ट हे प्रवाह चुनखडीत मुरलेल्या झऱ्यांवर चालतात. त्यांचे पाणी बारमाही, नितळ व वर्षभर जवळपास एकाच गारव्याचे असते. त्यात पाणवनस्पती व कीटक भरपूर, म्हणून मासाही भरपूर. सह्याद्रीत चुनखडी नाही; इथे बसाल्टचे काळे थर आणि त्यांवर जांभ्याची टोपी. पावसाळ्यात जांभ्याचे सडे पाणी पितात आणि जांभ्याखालचा थर जिथे उघडा पडतो तिथे ते झऱ्याच्या रूपाने सोडतात. आंबोलीला (जि. सिंधुदुर्ग) गुहेतून निघून आजरा-गडहिंग्लजकडे येणारी हिरण्यकेशी हे त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. मात्र हे पाणी ट्राउटला मानवत नाही. तो दहा ते सोळा अंश सेल्सियसच्या पाण्यात सुखी असतो आणि वीस अंशांपुढे हैराण होतो; आपल्याकडच्या नद्या उन्हाळ्यात पंचवीस सहज ओलांडतात. इंग्रजांनी काश्मीर व निलगिरीत ट्राउट रुजवला तो उंचीच्या आधाराने. आंबोलीची उंची सुमारे ७०० मीटर, आणि तिथेच हिशेब संपतो.

ट्राउटची जागा इथे दख्खनी महसीर घेतो. त्याला खडशी किंवा खडस असेही म्हणतात. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. मुंबई सरकारच्या सेवेतील लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. कोल्हापूरच्या माशांची पद्धतशीर यादी कळावर व केळकर यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिली. महसीराचे खवले मोठे, ओठ जाड, मिशांच्या दोन जोड्या. जबड्यात दात नाहीत, पण घशात आहेत, आणि ते खेकडा किंवा गोगलगाय सहज भरडतात. हलका गळ त्यांच्या तावडीत सापडला तर चेपून सपाट होतो. शेवाळ, कीटक, बारके मासे, काठावरून पडलेली उंबरे, काहीही त्याला चालते. गळ लागताच तो खळाळाच्या दिशेने जी पहिली धाव घेतो तिच्यामुळे शिकारी त्याच्या नादी लागले. मंगळूरकडे कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमसने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले, त्यातही मानाचे पान महसीराला आहे. महसीराच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या प्रचंड वजनांच्या गोष्टी मात्र बहुधा कावेरी खोऱ्यातल्या कुबड असलेल्या महसीराच्या आहेत. १९४६ मध्ये व्हॅन इंजेन यांनी काबिनीत पकडलेला १२० पौंडांचा मासा त्याच जातीचा. आपला खडशी त्या तोलाचा नाही, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पाण्याचे स्वरूप समजल्याशिवाय इथला गळ समजत नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती पश्चिमेचे पाणी घेऊन येतात, प्रयाग चिखलीच्या संगमापासून पुढे पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वरच्या टप्प्यात खडक, खळाळ व डोह. खालच्या टप्प्यात गाळ, ऊस आणि संथ, फुगलेले पाणी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात गळवाल्याचेही लक्ष याच आकड्यांवर असते. पाणी निवळते ते दिवाळीच्या सुमारास, आणि खरा हंगाम तेव्हा सुरू होतो.

खालच्या टप्प्यात, तसेच रंकाळ्यासारख्या तळ्यांवर, साधने साधीच असतात : बांबूची किंवा विकतची फायबरची काठी, तंगूस (नायलॉनचा दोर), शिशाची गोळी आणि मोरपिसाच्या दांड्याचा तरंगा. रोहू-कटल्याला शेंगदाण्याची पेंड घातलेली कणीक, मरळाला जिवंत बेडकी, वामेला तळाशी सोडलेले गांडूळ. जाणकार माणूस तरंग्यावरूनच मासा ओळखतो. चिलापी टोचा मारते, तेव्हा तरंगा एकाच जागी नाचतो. कटला आमिष उचलतो, म्हणून तरंगा बुडायच्या ऐवजी आडवा पडतो, आणि नवखा नेमका तेव्हा झटका द्यायला चुकतो. वाम गळ गिळून मुकाट्याने कपारीत शिरते. मग तंगूस तोडण्यावाचून इलाज नाही. पुस्तकांत या ज्ञानाला जागा मिळालेली नाही, पण संध्याकाळी काठावर बसलेल्या कोणत्याही टोळक्यात ते फुकट मिळते.

कृत्रिम माशीचा खेळ वरच्या ओढ्यांचा. त्यात आमिषाला सहसा वजन नसते. जाड दोरीच्या वजनावर माशी पुढे जाते, म्हणून फेकण्याची लय हात बसेपर्यंत शिकावी लागते. ओढ्यातली पहिली गिऱ्हाइके म्हणजे झोऱ्या व त्याचे भाईबंद. बोटभर ते वीतभर लांबीचे, चपळ, पृष्ठभागावर पडलेला किडा टिपणारे हे मासे ट्राउटच्या सवयींच्या सर्वांत जवळ येतात. खळाळ जिथे डोहात उतरतो तिथे, फेसाच्या कडेने, काळ्या किंवा तपकिरी पिसाची बारकी माशी सोडावी. सावली पाण्यावर पडू देऊ नये. मासा वर येतो तो इतका झटकन की पाण्यावर उठलेले वर्तुळच फक्त दिसते. खडकाला तोंड लावून शेवाळ खरवडणारा मळ्या अशा माशीकडे फिरकत नाही. महसीराच्या पिलांना बारकी माशी चालते, मोठ्याला मात्र छोट्या माशाची नक्कल करणारी जड माशी खोल न्यावी लागते. गळाचा काटा दाबून बोथट करावा आणि मासा पाण्यातच सोडावा, हा या खेळातला शिष्टाचार. ओढा जितका लहान तितका तो पाळणे गरजेचे, कारण एका डोहातले चार मोठे मासे नेले की त्या डोहाचे बियाणेच संपते.

जिल्ह्यात बरेच मासे गळाला लागत नाहीत, ते चढणीला सापडतात. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे नदीतून ओढ्यांत, ओढ्यांतून भाताच्या खाचरांत चढतात. ‘चढणीचे मासे’ धरायला रात्री बॅटऱ्या, काठ्या, टोपल्या घेऊन अख्खी वाडी बाहेर पडते. ही मजा आहे यात शंका नाही, आणि विणीच्या मोसमातली ही लूट आहे यातही नाही. रामेठ्याची साल किंवा गेळाची फळे ठेचून डोहात टाकण्याची जुनी रीत आता मागे पडली. तिच्या जागी ब्लीचिंग पावडर आणि सुरुंगाची दारू आली. स्फोटके व विष वापरून मासे मारण्याला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे.

माशांचे मोठे नुकसान मात्र पाणी अडल्याने व नासल्याने झाले. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे याच मातीतले साधन. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा सरल्यावर बरगे (आडव्या फळ्या) घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. बरगे वेळेवर निघाले तर चढणारा मासा खांबांमधून वर जाऊ शकतो. उशीर झाला तर पहिल्या पाण्यात तो बंधाऱ्याखालीच अडकतो आणि जाळ्यात जातो. राधानगरी किंवा काळम्मावाडीच्या धरणाला अशी मोसमी वाट नाही. खाली इचलकरंजीच्या रंगाईचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी आणि शहरांची गटारे यांमुळे पंचगंगेत, विशेषतः तेरवाड बंधाऱ्याजवळ, मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. प्रवाह उन्हाळ्यात मंदावला की प्राणवायू संपतो आणि मासे पृष्ठभागावर तोंडे काढतात. असा मासा गळाने धरणे हा खेळ नव्हे.

वाळण कोंडासारखे (ता. महाड) देवाच्या नावाने राखलेले डोह महसीराला आजवर तारत आले. संवर्धनाचा दुसरा मार्ग म्हणजे बीजनिर्मिती. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात दख्खनी महसीराची कृत्रिम पैदास यशस्वी केली, आणि पिले अनेक राज्यांत गेली. परिणाम सगळीकडे सारखा नव्हता. कावेरीत बाहेरून आलेला खडशी फोफावला आणि तिथला मूळचा कुबडाचा महसीर अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. कोल्हापूर हे खडशीचे स्वतःचेच घर, म्हणून इथे तो धोका नाही; तरी बीज सोडायचेच तर ते कृष्णा खोऱ्यातल्या जनकांचे असावे, आणि सोडण्याआधी डोहाला उन्हाळ्यात पाणी राहते का, हे पाहावे.

राधानगरी अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीतील पाण्यात गळ टाकता येत नाही. आंबोलीचे हिरण्यकेशीचे उगमकुंड २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाले, ते २०२० मध्ये वर्णन झालेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या बारीक माशामुळे; तिथेही काठी खांद्यावरच ठेवावी लागते. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा तिथे काठी उघडण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारणे रीतीचे.