‘मार्फत’ : मुंबईतील नवागत आणि त्याचे मार्गदर्शक

नगरांच्या इतिहासात रस्ते, गोद्या, गिरण्या आणि नगरपालिका यांची नोंद विस्ताराने सापडते. परंतु त्या नगरात पहिल्यांदाच आलेल्या माणसाने पहिली रात्र कोठे काढावी, काम कोणाकडे मागावे, कोणता वाणी त्याला उधारीवर धान्य देईल, हे त्याला कोणी सांगितले, याची नोंद क्वचितच आढळते. त्याचे कारण उघड आहे. हे ज्ञान मुखोद्गत होते. ते लिहून ठेवण्याची गरज ना सांगणाऱ्याला होती, ना ऐकणाऱ्याला. तथापि ज्या नगराची बहुसंख्य वस्ती बाहेरून आलेली आहे, त्याच्या घडणीत अशा ज्ञानाचा वाटा गिरणीच्या भांडवलाइतकाच मोलाचा मानला पाहिजे. प्रस्तुत लेखात मुंबईतील गिरणगावाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. जनगणना व सरकारी अहवाल ही त्यासाठी एक प्रकारची साधने होत. दुसरे साधन म्हणजे नवागताच्या जीवनाशी निगडित असलेले काही मराठी शब्द. या शब्दांची साक्ष इतिहासाने आजवर पुरेशी घेतलेली नाही, असे वाटते.

१

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. १८७२ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ होती. १९२१ मध्ये ती ११,७५,९१४ झाली. या वाढीचे स्वरूप जन्मस्थानांच्या आकड्यांवरून कळते. १८७२ मध्ये शंभर रहिवाशांपैकी सुमारे ३१ जण मुंबईत जन्मलेले होते. १९२१ मध्ये हे प्रमाण १६ पर्यंत उतरले. म्हणजे शंभरांतील ८४ माणसे कधी ना कधी या शहरात ‘नवीन’ होती. बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता; घाटावरून, विशेषतः सातारा व पुणे जिल्ह्यांतून, येणाऱ्यांची संख्याही लहान नव्हती. स्त्रियांचे प्रमाण दर हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास होते. बायकामुले गावी आणि पुरुष मुंबईत, हीच बहुसंख्य कुटुंबांची स्थिती होती.

शहराची लिखित माहिती मराठीत नव्हती असे नाही. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. माडगावकर स्वतः गोव्यातून बालपणी मुंबईत आलेले होते. पुढे १८८९ मध्ये बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ निघाला. हे दोन्ही ग्रंथ आज अभ्यासकाला बहुमोल वाटतात. परंतु बंदरावर उतरणाऱ्या कोकणी कुळवाड्याला त्यांचा उपयोग नव्हता. त्याला अक्षरओळख नव्हती, एवढेच त्याचे कारण नव्हे. ग्रंथ सर्वांना उद्देशून बोलतो. नवागताला हवी असते ती आपल्याला उद्देशून सांगितलेली गोष्ट. शहरात गिरण्या किती आहेत हे कळून त्याचे भागत नव्हते. कोणत्या गिरणीतल्या कोणत्या खात्यात आपल्या गावचा माणूस आहे, हे त्याला कळायला हवे होते.

२

येथे ‘मार्फत’ या शब्दाकडे वळू. गिरणगावात राहणाऱ्या कामगाराला गावाहून येणाऱ्या पत्रावर त्याच्या नावाखाली पुष्कळदा दुसऱ्या कोणाचे तरी नाव असे : ‘मार्फत’ अमुक, खोली नंबर अमुक, अमक्याची चाळ. अरबी ‘मअरिफत’ या संज्ञेचा मूळ अर्थ ज्ञान, परिचय असा आहे. फारसीच्या द्वारे राज्यकारभाराच्या भाषेत व तेथून मराठीत येताना या नामाचे शब्दयोगी अव्यय झाले आणि ‘च्या हस्ते’, ‘च्या द्वारे’ एवढाच अर्थ उरला. ‘ज्ञान’ हा अर्थ लोपून ‘माध्यम’ हा अर्थ राहिला. नवागताच्या जीवनात मात्र हे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतात. ज्याच्या मार्फत त्याला पत्र मिळे, त्याच्याच मार्फत त्याला शहराचे ज्ञान मिळे. नवागताचा पत्ता म्हणजे एक माणूस होता. जागा त्यानंतर येत असे.

ही व्यवस्था व्यक्तीपुरती मर्यादित नव्हती. कोकणातील कित्येक गावांनी लालबाग, परळ, डिलाईल रोड या भागांत गावकीच्या खोल्या राखल्या होत्या. खोलीचे भाडे वर्गणीतून दिले जाई. प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीची एक खुंटी, एक ट्रंक आणि वळकटी पसरण्यापुरती जागा येई. गिरण्या पाळ्यांनी चालत असल्यामुळे एक जण कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा निजत असे. रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालात मुंबईतील ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे नमूद आहे. या आकड्यावरून दाटीची कल्पना येते. पण ती खोली नवागताची पाठशाळाही होती, हे त्यावरून कळत नाही. भोंगा किती वाजता होतो, खाडा झाला तर काय होते, पठाणाकडून कर्ज का काढू नये, मनीऑर्डर कशी लिहवून घ्यावी, हे सारे तेथेच सांगितले जाई.

गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती लोकांची ‘कूड’ ही संस्था याच जातीची होय. कोकणीत ‘कूड’ म्हणजे खोली. मराठीत मात्र ‘कुडाची भिंत’ या प्रयोगात तो शब्द कारवीच्या काटक्यांच्या भिंतीला लागतो. धोबीतलाव व माझगाव भागांत गोव्यातील एकेका गावाची स्वतंत्र कूड असे. बोटीवर नोकरी करणारे खलाशी, आचारी, वादक तेथे उतरत. ग्रामदैवतासारखाच गावचा संत तेथे पूजिला जाई आणि सायंकाळच्या प्रार्थनेला हजर राहण्याचा नियम असे. धर्म वेगळा, भाषा वेगळी, राज्यही वेगळे. परंतु परक्या शहरात गावाने गावकऱ्यासाठी एक खोली राखावी, ही कल्पना रत्नागिरीच्या आणि गोव्याच्या माणसाला सारखीच सुचली. यावरून ही व्यवस्था एखाद्या जातीची वा धर्माची खास परंपरा नसून शहराच्या गरजेतून उत्पन्न झाली होती, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

३

निवाऱ्यानंतर काम. या टप्प्यावर मार्गदर्शनाचे स्वरूप बदलते, कारण त्याला किंमत लागू होते. गिरणीत माणूस लावण्याचा व काढण्याचा अधिकार व्यवहारात जॉबराच्या हाती होता. हा जॉबर बहुधा कामगारांतूनच वर आलेला असे व आपल्या खात्यात आपल्या मुलखाची माणसे आणी. तो काम देई, वाण्याकडे जामीन राही, प्रसंगी स्वतःच कर्ज देई. त्याबदली तो ‘दस्तुरी’ घेई. ‘दस्तूर’ म्हणजे रूढी. रूढीने ठरलेले म्हणून ते देणे दस्तुरी. लाच या शब्दात जो दोष स्पष्ट आहे, तो येथे रूढीच्या नावाखाली झाकला जातो. बायकांच्या खात्यांवर देखरेख करणाऱ्या स्त्रीला ‘नायकीण’ म्हणत. हाच शब्द गोव्यात व इतरत्र कलावंतिणीसाठी रूढ असताना गिरणीत त्याला अधिकाराचा अर्थ यावा, ही अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

‘बदली’ या शब्दाचेही असेच आहे. सरकारी नोकराची बदली होते, म्हणजे तो एका गावाहून दुसऱ्या गावी जातो. गिरणी कामगार मात्र स्वतःच ‘बदली’ असतो. कायम कामगाराने खाडा केला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला तो माणूस. पहाटे गिरणीच्या दारात उभे राहायचे आणि जॉबराची नजर आपल्यावर पडेल याची वाट पाहायची, हा बदलीचा नित्यक्रम असे. दारात उभ्या असलेल्या पन्नासांपैकी कोणाला आत घ्यायचे हे ओळखीवर ठरे. म्हणून ओळख असणे हे कौशल्याइतकेच, कदाचित त्याहून अधिक, महत्त्वाचे होते.

तिसरे ठिकाण खानावळ. कुटुंब गावी ठेवून आलेल्या पुरुषांना जेवण करून घालणाऱ्या बायका गिरणगावात घरोघर होत्या. पुष्कळांच्या घरात कमावता पुरुष नसे किंवा त्याची कमाई अपुरी असे. खाणावळीचा हिशेब महिन्याच्या पगारावर चाले. म्हणजे नवीन माणसाला पहिला पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घालण्याचा धोका ही बाई पत्करीत असे. संपाच्या दिवसांत ही उधारी महिनोन् महिने लांबे. मुंबईच्या कामगार चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे आहेत. संप ज्यांच्या उधारीवर टिकला त्या स्त्रियांचा उल्लेख मात्र अगदी अलीकडे होऊ लागला आहे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा या व्यवसायाला प्रथमच संघटित रूप आले.

४

येथवरच्या विवेचनावरून ही व्यवस्था केवळ आपुलकीची होती असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. ‘मार्फत’ हा शब्द दार उघडतो हे खरे. पण कोणते दार उघडायचे हेही तोच ठरवतो. गावचा माणूस नवागताला जेथे नेई तेथे त्याचे स्वतःचे लोक आधीपासून असत. त्यामुळे खाते, चाळ आणि खानावळ यांची वाटणी पिढ्यान् पिढ्या तशीच राहिली. विणकाम खात्यात पगार अधिक होता; पण धोट्यात सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे, या निमित्तावर अस्पृश्य कामगारांना त्या खात्यापासून दूर ठेवले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. ज्याच्या गावचा एकही माणूस मागखात्यात असू शकत नव्हता, त्याला त्या खात्याची वाट दाखवणार कोण? सल्ला हा सल्लागाराच्या अनुभवापलीकडे जाऊ शकत नाही. आणि सल्लागाराच्या अनुभवाला समाजाने आधीच कुंपण घातलेले होते.

या कुंपणाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबईबाहेरचे, पण याच शहरातून गेलेल्या माणसाचे आहे. परळच्या चाळीत वाढलेले आणि परदेशातून उच्च शिक्षण घेऊन परतलेले आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. शहरातील एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा विचारून पाहिला; दोघांनीही अडचणी सांगितल्या. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. विद्या होती, नोकरी होती, शहरात ओळखीची माणसेही होती. नव्हती ती मार्फत. नवागताला ओळख असून भागत नाही. ती ओळख निभावण्यास समोरचा माणूस समाजापुढे मोकळा असावा लागतो.

५

अशा व्यवस्थेवर उपाय दोन बाजूंनी झाले. रॉयल कमिशनने जॉबराच्या हातून भरतीचा अधिकार काढून तो कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा अशी शिफारस केली. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांच्यातूनच रिकाम्या जागा भरण्याची पद्धत सुरू केली. निवाऱ्याच्या बाजूने पाहता, प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि १९२० नंतर विकास खाते यांनी चाळी बांधल्या. विकास खात्याच्या चाळींची संख्या २०७ होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण मिळाले. परंतु भाडे गोठल्यावर खोलीच्या हस्तांतराची रक्कम ‘पगडी’ या नावाने वाढत गेली आणि नवागतापुढे दस्तुरीच्या जागी पगडी आली. डोक्यावरचे मानाचे वस्त्र चुकत्या केलेल्या रकमेचे नाव व्हावे, यात मान आणि मोल यांची जी सरमिसळ आहे, ती या शहराच्या स्वभावाशी सुसंगतच म्हटली पाहिजे. नियम आले तरी मार्फत संपली नाही. कार्ड कोणाला मिळावे आणि खोली कोणाला द्यावी, हे पुष्कळदा पूर्वीच्याच वाटांनी ठरत राहिले.

ही सारी रचना मोडली ती १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्यांचे काम पूर्ववत झाले नाही. पुढे त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. खानावळी ओस पडल्या आणि गावकीच्या कित्येक खोल्यांना कुलपे लागली. त्यांच्याबरोबर दस्तुरी, नायकीण, बदली, खाडा या शब्दांचा गिरणीतील अर्थही मावळू लागला. कोशांत या शब्दांचा सामान्य अर्थ सापडतो. गिरणगावाने त्यांना दिलेला अर्थ फारच थोड्या ठिकाणी नोंदलेला आहे.

संपाच्या वेळी विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. भाषाशास्त्र व इतिहास या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून या पिढीच्या तोंडून हा शब्दसंग्रह जमविणे हे तातडीचे काम आहे. ते करताना केवळ शब्दाचा अर्थ विचारू नये. तुम्ही मुंबईत कोणाच्या मार्फत आलात, तुमच्या मार्फत कोण आले, आणि तुमच्याकडे येऊनही ज्याला तुम्ही वाट दाखवू शकला नाहीत असा कोणी होता काय, हे तीन प्रश्न प्रत्येकाला विचारावेत. पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून शहर कसे वसले ते कळेल. तिसऱ्याच्या उत्तरातून ते कोणासाठी वसले नाही, हे कळेल. मुंबईच्या सामाजिक इतिहासाला या दोन्ही उत्तरांची सारखीच गरज आहे.