मेणबत्तीची गोष्ट आणि फिरणारी टेबले

१८५३ सालच्या उन्हाळ्यात लंडनमधील दिवाणखान्यांतली टेबले फिरू लागली. चार-सहा प्रतिष्ठित माणसे टेबलाभोवती जमत, त्यावर हलकेच हात टेकवीत, आणि काही वेळाने टेबल आपोआप सरकू लागे. कोणी म्हणे ही वीज, कोणी म्हणे चुंबकशक्ती, कोणी म्हणे परलोकवासी आत्मे. विजेचे नाव निघाल्यावर लोक मायकेल फॅरडेकडे वळले, हे साहजिकच होते.

फॅरडेने कोणालाही लबाड ठरविले नाही. ज्यांच्या सचोटीबद्दल शंका नाही, अशीच माणसे त्याने प्रयोगाला बसविली. हातांखाली पुठ्ठ्यांची चळत ठेवली, मधोमध मऊ मेणाचे गोळे लावले आणि कडेवर पेन्सिलीची रेघ ओढली. टेबल हातांना ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकायला हवा. हात टेबलाला ढकलीत असतील तर वरचा. सरकला तो वरचाच! मग त्याने हाताची किंचित हालचालही दाखविणारी एक काडी बसविली. काडी डोळ्यांसमोर असली की टेबल जागचे हलेना. काडी झाकली, की हात पुन्हा नकळत ढकलू लागत. आणि आपण सरळ खालीच दाबतो आहोत, असे ती माणसे मनापासून सांगत. ही हकीकत फॅरडेने ३० जून १८५३ च्या ‘टाइम्स’मध्ये छापली.

लोहाराच्या या मुलाला असे तपासून पाहण्याची सवय लागली ती, गंमत म्हणजे, एका गोष्टीवेल्हाळ पुस्तकामुळे. १८०५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचीत असे. त्यांत जेन मार्सेटबाईंचे रसायनशास्त्रावरील पुस्तक होते: दोन मुली आणि त्यांच्या बाई यांच्या गप्पा. त्यांतली कॅरोलाइन बाईंनाही सहजासहजी सोडत नाही, शंका काढते. फॅरडेने त्या पुस्तकातल्या गोष्टी आपल्या ऐपतीतले छोटे प्रयोग करून पडताळल्या, आणि त्या खऱ्या निघाल्या तेव्हाच त्याचा त्यांवर विश्वास बसला. मार्सेटबाईंचे ऋण तो अखेरपर्यंत मानत होता.

ते ऋण त्याने मुलांसाठी व्याख्याने देऊन फेडले, असे मला वाटते. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०–६१ च्या नाताळात त्याने मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. ज्योतीखाली मेणाची वाटी का तयार होते? वर चढणारा वारा कडा थंड ठेवतो म्हणून. वितळलेले मेण वातीतून वर कसे जाते? आणि जळते ते मेण की मेणाची वाफ? मेणबत्ती फुंकून विझवा आणि निघणाऱ्या धुराला लगेच, वातीपासून बोटभर अंतरावर, पेटती काडी लावा. ज्योत धुरातून उडी मारून वातीवर येते. पाहणाऱ्याला फॅरडेच्या शब्दाची गरजच उरत नाही. अखेर ही कथा आपल्या श्वासापर्यंत पोचते: आपणही आत मंद जळतच असतो.

आमच्या सीमाभागातली बरीच मुले हे सारे शाळेत कानडीतून किंवा इंग्रजीतून शिकतात. घरी, मायबोलीत, त्यावर ‘कशावरून?’ असे विचारणे क्वचितच घडते. या दिवाळीत तेवढे एक करून पाहता येईल. काडेपेटी मात्र मोठ्यांच्या हाती असावी.

तरी एवढ्याने माणसे फसायची थांबतात, असे म्हणायला मी धजत नाही. मेणबत्तीवरील ती व्याख्याने संपादित करून १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आणली विल्यम क्रुक्स याने. त्याच वर्षी थॅलियम हे मूलद्रव्य शोधल्याचे त्याने जाहीर केले. फॅरडेचे शब्द त्याच्याइतके बारकाईने फार थोड्यांनी वाचले असतील. पुढे हाच क्रुक्स फ्लॉरेन्स कुक नावाच्या तरुणीच्या प्रेतात्म्यांच्या बैठकांना बसू लागला, आणि अंधाऱ्या खोलीत अवतरणारी ‘केटी किंग’ खरीच, असे त्याने १८७४ मध्ये छापून सांगितले. फॅरडे १८६७ सालीच वारला होता. १८९८ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलतानाही क्रुक्सने आपले म्हणणे मागे घेतले नाही.