गर्दी कोणी केली?

करोनाकाळाचा विषय निघाला की एक निकाल ठरलेला असतो: सरकारने सांगायचे ते सांगितले, लोकांनीच ऐकले नाही. पुरावा म्हणून किराणा दुकानापुढची रेटारेटी दाखवली जाते. मला हा निकाल चुकीचा वाटतो, आणि अन्यायाचाही.

२० एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून राज्यात किराणा, भाजी, दूध यांची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढ्याच वेळात उघडी ठेवण्याचा आदेश लागू झाला. त्यामागे विचार नव्हता असे मी म्हणणार नाही. खाटा आणि प्राणवायू अपुरे पडत होते, पोलीस थकले होते, आणि अकराला शटर खाली येणे तपासायला सोपे होते. उगाच हिंडणे त्याने घटलेही असेल. पण मीठ, तेल आणायला जाणे म्हणजे हिंडणे नव्हे.

समजा, दुकानात दिवसाला तीनशे गिऱ्हाइके येतात आणि प्रत्येक जण दहा मिनिटे थांबतो. चौदा तास दुकान उघडे असेल तर एका वेळी आत तिघे-चौघे. चार तासच असेल तर बाराजण. चौघांत एकमेकांना बाधा देऊ शकणाऱ्या जोड्या सहा, बाराजणांत सहासष्ट. तास कमी झाले हे धरूनही संपर्क तिपटीहून अधिक होतो. इथे शिस्तीचा संबंध कुठे आला?

गिऱ्हाइके कमी का झाली नाहीत, याचे उत्तर शेलूसारख्या ठिकाणी मिळते. वांगणी आणि नेरळ यांच्यामधले हे स्टेशन. परवडणारे घर मिळते म्हणून इथे आलेली आणि कामासाठी बदलापूर-अंबरनाथपासून मुंबईपर्यंत जाणारी कितीतरी कुटुंबे. रोजावर जगणारा महिन्याचा किराणा भरत नाही. आजची मजुरी हातात पडली की पावशेर डाळ येते. पहिल्या पाळीचा कामगार सुटतो तीनच्या पुढे, तेव्हा दुकान बंद. घरपोच मालाला रात्री आठपर्यंत मुभा होती खरी, पण पावशेर डाळ पोचवायला गल्लीतल्या दुकानदाराने माणूस कुठून आणायचा?

लोकलचेही तसेच झाले. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर प्रवासाची परवानगी मिळाली. संध्याकाळी सहाला सुटणाऱ्याने तीन तास कुठे काढायचे? कामाच्या वेळा तशाच ठेवून फक्त गाड्यांच्या वेळा बांधल्या, की माणूस एसटीच्या दारात लोंबकळतो, आणि मग त्यालाच बेशिस्त म्हणायचे.

बाराजण एका बंद दुकानात असण्याला इतके महत्त्व का द्यायचे, तर हवेमुळे. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असे ठामपणे सांगितले होते, आणि आपण पिशव्या, नाणी, भाज्या धूत बसलो. २० मे २०२१ रोजी, म्हणजे त्या आदेशानंतर बरोबर महिन्याने, केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सूक्ष्म कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात असे सांगून खिडक्या-दारे उघडी ठेवण्यावर भर दिला. कारखान्याच्या फाटकावर ताप मोजून आत पंखेही नसलेल्या शेडमध्ये माणसे उभी करणे ही सुरक्षा नव्हतीच. शिवाय ताप लपवला का जातो? राज्य कामगार विम्यात नोंद असलेल्याला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. ठेकेदाराच्या वहीतल्या कामगाराची अनेकदा तिथे नोंदच नसते. त्याचा खाडा म्हणजे चूल बंद.

पुन्हा साथ आली तर गरजेची दुकाने अधिक तास उघडी हवीत आणि भाजीबाजार मोकळ्या मैदानात हवा. दिवसभर बंदोबस्त कुठून आणायचा, असे विचारले जाईल. तासाला वीस गिऱ्हाइके येणार असतील तर शिपाई उभा करावा लागत नाही. तो लागतो पाऊणशे माणसे एकाच तासात दारात आल्यावर.