मफलर : गळ्यातला आणि गाडीचा

थंडीत आपण गळ्याभोवती मफलर गुंडाळतो. अमेरिकेत मात्र मोटारीलाही मफलर असतो. आपण त्याला ब्रिटिशांप्रमाणे सायलेन्सर म्हणतो. लोकरीची पट्टी आणि लोखंडी डबा यांना एकच नाव कसे मिळाले?

या शब्दाचे मूळ हातमोज्यात आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘मुफुला’ म्हणजे जाड हातमोजा. युरोपात नवव्या शतकाच्या आरंभी मठांसाठी केलेल्या नियमांत, भिक्षूंना हिवाळ्यात मेंढीच्या कातड्याचे मुफुला द्यावेत असे म्हटले आहे. चार बोटे एकत्र झाकणाऱ्या मोज्याला फ्रेंचमध्ये आजही ‘मूफ्ल’ म्हणतात. त्यावरून इंग्रजीत ‘मफल’, म्हणजे गुंडाळून झाकणे, हे क्रियापद आले आणि सोळाव्या शतकात ‘मफलर’ हे नाम. तो मफलर स्त्रिया चेहऱ्याचा खालचा भाग झाकण्यासाठी वापरीत. शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेत स्त्रीवेष घेतलेला फॉल्स्टाफ आपली दाढी मफलरखालीच लपवतो! गळ्याभोवतीचा मफलर त्यानंतरचा.

झाकण्याचा हा अर्थ पुढे पसरत गेला. प्रयोगशाळेतील ‘मफल’ भट्टीत पदार्थ बंद कोष्ठात ठेवतात. त्याला उष्णता मिळते, पण ज्वाला आणि धूर लागत नाही. अंत्ययात्रेतील ढोलावर कापड घालून त्याचा आवाज दबका करीत. त्यालाही ‘मफल’ करणे म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याला हेच नाव मिळाले.

येथे मात्र शब्द आपल्याला फसवतो. गळ्यातला मफलर लोकरीत अडकलेल्या हवेमुळे उष्णता रोखतो. ढोलावरचे कापड पडद्याची कंपने कमी करते. गाडीचा मफलर आवाजावर नुसते पांघरूण घालीत नाही. इंजिनाची निकास झडप उघडली की दाबाखालचा वायू झटक्याने बाहेर पडतो. त्या झटक्यांचाच आवाज होतो. डब्यातील छिद्रांच्या नळ्या आणि कोष्ठ यांत वायू प्रसरण पावतो, ध्वनिलहरी भिंतींवरून परावर्तित होतात. एका लहरीचे संपीडन दुसरीच्या विरलनावर आले, की दोन्ही एकमेकींना बऱ्याच अंशी नाहीशा करतात. हे ध्वनीचे व्यतिकरण होय. काही मफलरांत काचलोकरही भरतात. तीत ध्वनीच्या ऊर्जेची उष्णता होते.

काही तरुण सायलेन्सरची ‘पुंगळी’ काढून गाडी दणाणत नेतात. ते अडथळा काढत नसतात, तर लहरींना एकमेकींशी गाठणारी रचनाच मोडत असतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमानुसार प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर सक्तीचा आहे. त्यात प्रसरण-कोष्ठाचा उल्लेखही आहे. वर्गात ध्वनीचा पाठ शिकवताना गॅरेजमधून एखादा कापलेला जुना सायलेन्सर मिळवून मुलांना दाखवावा. व्यतिकरण कोठे घडते, हे त्यांना हात लावून पाहता येईल.